हिवाळ्यात हरिश्चंद्रगड पाचनईवरून: धबधबा, तारामती, कोकणकडा नेमका कुठल्या क्रमाने करायचा

दरवर्षी दिवाळी संपली की पुण्यातले ग्रुप हरिश्चंद्रगडाचे प्लॅन करायला लागतात आणि दरवर्षी त्याच त्याच चुका होतात. रात्री अकराला पुण्यातून निघायचं, झोप न घेता पहाटे चढायला सुरुवात करायची, उत्साहात आधी पाण्यात उतरून बूट भिजवायचे, मग कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या उभ्या कड्यावर, सूर्यास्तापर्यंत बसायचं आणि मोबाईलच्या टॉर्चवर अंधारात उतरायचं. पाऊस नाही, वाट कोरडी, हवा गार, म्हणजे ट्रेक सोपा, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण हिवाळ्यात दिवस लहान असतो, वाटेवर कोरडा घसारा, म्हणजे सुटी माती आणि खडी असते आणि तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं, लोकं अडकतात ती या तीन गोष्टींमुळे.

म्हणून हा लेख फक्त क्रमाबद्दल आणि तयारीबद्दल आहे. वाट पाचनई या पायथ्याच्या गावाची घेतलीये, कारण ती गडावर जायची सगळ्यात सोपी वाट आहे आणि धबधब्याचा ओढा याच वाटेला लागून आहे. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येणारी वाट लांब आहे आणि तिच्यात रेलिंग लावलेला कातळटप्पा आहे, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ती नंतर कधीतरी करा. नळीची वाट हा तर दोर, माहितगार लीडर आणि अनुभव लागणारा वेगळाच प्रकार आहे, तिचा इथे विचारच नाही.

## टप्पा १: आधी ठरवा की तुम्हाला पाणी बघायचंय का शिखर

सह्याद्रीतले बहुतेक धबधबे पावसाळी आहेत, त्यामुळे इन्स्टावर दिसणारा ऑगस्टमधला पांढराशुभ्र धबधबा मनात धरून जानेवारीत गेलात तर ओला कातळ आणि बारीक धार एवढंच दिसेल. धबधबा हाच मुख्य हेतू असेल तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा बघा, त्या वर्षी परतीचा पाऊस चांगला झाला असेल तर अजून उत्तम. डिसेंबरात ओढ्याच्या डोहांमध्ये पाणी असतं पण जोर नसतो. जानेवारी-फेब्रुवारीत फक्त शिखरांसाठी आणि कड्यासाठी जा, तेव्हा गवत पिवळं पडलेलं असतं, आणि हवा स्वच्छ असेल तर तारामतीवरून, म्हणजे गडाच्या सगळ्यात उंच शिखरावरून, लांबलांबचे डोंगर दिसतात.

निघायच्या दोन दिवस आधी पाचनईत जिथे मुक्काम करणार आहात तिथल्या काकांना फोन करून थेट विचारा, "काका, ओढ्याला पाणी आहे का, आणि वर प्यायचं पाणी कुठल्या टाक्यात आहे?" ही दोन वाक्यं कुठल्याही रीलपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

## टप्पा २: शरीराची तयारी, तीन आठवडे आधीपासून

पर्वतीच्या पायऱ्या चढता म्हणजे गड जमेल असं नाही. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी रोजच्या सवयीला ठीक आहेत पण खरी चाचणी सिंहगडाची आतकरवाडीची पायवाट. पाठीवर चार-पाच किलोची सॅक घेऊन चढा. पुणे दरवाज्यापर्यंत दीड तासाच्या आत, न कोसळता, बोलता येईल इतक्या दमात पोचलात तर हरिश्चंद्रगडाची चढण जमेल. दोन तास लागत असतील तर अजून दोन रविवार द्या, घाई नको.

बरेच जण इथे चढण्याचा सराव करतात आणि उतरताना गाडीने किंवा लिफ्ट घेऊन खाली येतात. असं करू नका. उतरताना मांड्या आणि गुडघ्यांवर वेगळा ताण येतो आणि हरिश्चंद्रगडावर तुमचे हाल होणार ते उतरतानाच. सिंहगडही पायीच उतरा, नवीन बूट घेतले असतील तर तेच घालून. उतरताना अंगठ्याचं नख पुढे आपटत असेल तर बूट अर्धा नंबर लहान आहे, ते दुकानात कळत नाही, उतारावरच कळतं.

तपासा: सिंहगडाच्या दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा नुसता आखडला आहे का टोचतोय? आखडला असेल तर सरावाने जाईल. टोचत असेल तर डॉक्टरांना दाखवून मगच ट्रेकचं बघा.

## टप्पा ३: सॅक भरणं

सगळ्यात आधी बूट, कारण त्याच्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. रनिंग शूज आणायचे नाहीत, त्यांचा मऊ फोम आणि सपाट सोल घसाऱ्यावर टिकत नाही. पुण्यात वर्षानुवर्षं ट्रेकर लोकं वापरतात ते 'ॲक्शन ट्रेकिंग' ब्रँडचे साधे, रबरी सोलचे बूट कातळाला छान पकडतात, महागडेच हवेत असं अजिबात नाही. फक्त सोल झिजलेला नको. कडक, प्लास्टिकसारखा वाजणारा सोलही नको, तो ओल्या कातळावर सरळ निसटतो.

कपड्यांचं गणित असं, की पहाटे पाचनईत दात वाजतील इतकी थंडी असते आणि अर्ध्या तासाच्या चढणीत तुम्ही घामाने भिजलेले असता. म्हणून एकच जाड जॅकेट घालून चढू नका. आत लवकर वाळणारा टी-शर्ट, वर पातळ फुलबाह्यांचा शर्ट किंवा फ्लीस, आणि सॅकमध्ये वारा अडवणारं विंडचीटर. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, तेव्हाच कपडे बरोबर आहेत. सॅकमध्ये एक कोरडा टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, शिखरावर पोचल्यावर घामेजलेला बदलायला. कोकणकड्यावर वारा खालून वर येतो, त्यात ओला टी-शर्ट अंगावर असेल तर दहा मिनिटांत हुडहुडी भरते. कानटोपी घ्या, आणि जीन्स घालून येऊ नका.

बाकी सामान:

- पाणी माणशी तीन लिटर, एकाच बाटलीत नाही, दोन-तीन बाटल्यांत
- हेडटॉर्च, प्रत्येकाचा वेगळा, आणि जादा सेल
- ओआरएसची दोन पाकिटं, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, स्वतःची रोजची औषधं
- शिट्टी
- जादा मोज्यांचा जोड आणि जुनी चप्पल
- खायला धपाटे, तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गुळपोळी, खजूर, चिक्की. ब्रेड-जॅम दोन तासात पोटातून गायब होतो
- रोख पैसे, सुट्टे
- कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी

रोख पैशांचं मुद्दाम लिहिलं, कारण हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याची प्रवेश फी द्यावी लागते आणि मोबाईलला रेंज नसेल तर यूपीआय चालत नाही. अभयारण्य आहे म्हणूनच शेकोटी, दारू, स्पीकर यातलं काहीही नको. गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने अख्खा उतार पेटतो.

पर्फ्युम, डिओ लावून येऊ नका, हे मी दर वेळी सांगते आणि लोकं दर वेळी सोडून देतात. इथल्या कातळाच्या पोटात आग्यामोहोळं असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा या तीन गोष्टींनी माशा उठतात. उठल्याच तर हात झटकू नका, ओढणी किंवा विंडचीटर डोक्यावर-तोंडावर ओढा आणि न ओरडता तिथून लांब निघा.

तपासा: सॅक भरून झाली की घरातल्या काट्यावर ठेवा. पाण्यासकट सात-आठ किलोच्या वर गेली असेल तर काहीतरी फालतू भरलंय.

## टप्पा ४: पुण्याहून पाचनई, आदल्या दिवशीच

रात्रभर गाडी चालवून पहाटे चढायला लागणं हे बंद करा. हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आहे असं मला मनापासून वाटतं. झोप न झालेला माणूस कातळावर पाय कुठे ठेवतो ते त्याचं त्याला कळत नाही, आणि तोच माणूस दुसऱ्या रात्री परत गाडी चालवणार असतो.

शनिवारी दुपारी बारा-एकला जेवून निघा. रस्ता नाशिक हायवेने चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा आणि पुढे ब्राह्मणवाडा, कोतूळ करत पाचनई, साधारण १६५-१७० किलोमीटर. अंतर बघून साडेतीन तास धरू नका, मोशी-चाकणचं ट्रॅफिक आणि कोतूळनंतरचा छोटा, वळणाचा रस्ता धरून पाच तास लागतात. संध्याकाळी चारनंतर निघालात तर चाकणलाच तासभर जाईल आणि शेवटचा घाटरस्ता अंधारात येईल. पेट्रोल आळेफाट्याला भरून घ्या, परतीचंही.

एसटीने जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, माळशेजमार्गे कल्याणकडे जाणाऱ्या गाड्या खुबी फाट्याला सोडतात, तो खिरेश्वरचा पायथा, पाचनईचा नाही. दोन्ही गावं गडाच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत. "गडाच्या पायथ्याशी भेटू" एवढंच ठरवून अर्धे पाचनईला आणि अर्धे खिरेश्वरला, असं होतं खरंच. गावाचं नाव घेऊन ठरवा.

पाचनईत घरगुती जेवण आणि झोपायची सोय होते, आधी फोन करून माणसं किती ते सांगा म्हणजे मावशींना भाकऱ्या थापायला वेळ मिळतो. रात्री नऊला झोपा. गप्पा दुसऱ्या दिवशी गाडीत मारता येतील.

तपासा, झोपण्याआधी: घरच्या एका माणसाला मेसेज गेलाय का, ज्यात गावाचं नाव, वाटेचं नाव, किती जण आणि खाली परत यायची वेळ आहे? रेंज जाण्याच्या आधी, म्हणजे कोतूळलाच हा मेसेज टाकून मोकळे व्हा. ११२ आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाईन फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, ऑफलाईन मॅपही पुण्यातूनच डाउनलोड करून आणा.

## टप्पा ५: दिवसाचं वेळापत्रक उलटं मांडा

डिसेंबर-जानेवारीत इकडे पावणेसात-सातला उजाडतं आणि सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. दरीतली वाट तर त्याच्याही आधी अंधारून येते कारण बाजूला उभा कातळ आहे. म्हणजे हातात अकरा तास आहेत, आणि त्यातले शेवटचे दीड तास राखीव ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही.

आता खालून वर मोजा. साडेचारला गावात परत. त्यासाठी दोनला पठारावरून उतरायला सुरुवात, वाटेत पाण्यापाशी अर्धा-पाऊण तास. त्यासाठी बारा ते दीड कोकणकडा, जाणं-येणं धरून. त्यासाठी साडेअकरापर्यंत तारामती करून पठारावरच्या हरिश्चंद्रेश्वर मंदिरापाशी परत. त्यासाठी साडेनऊपर्यंत चढताना मंदिर गाठलेलं. म्हणजे गावातून पावणेसातच्या आत पाय हलले पाहिजेत.

हा क्रम का ते सांगते. तारामतीची चढण उघड्या गवताच्या दांडावरून आहे, ती सकाळच्या गारव्यात आणि ताज्या पायांनी करायची. कोकणकड्यापर्यंतची चाल जवळजवळ सपाट पठारावरची, ती दमलेल्या पायांनाही झेपते. आणि पाणी सगळ्यात शेवटी, कारण सकाळी बूट भिजले की दिवसभर ओल्या मोज्यांत फोड येतात आणि ओला सोल घेऊन कातळावर जावं लागतं. उतरताना दुपारचं ऊन असतं, पुढे थोडीच वाट राहिलेली असते, मोजे बदलून चालता येतं.

सावधान: कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे म्हणून सूर्यास्त तिथून अप्रतिम दिसतो, हे खरं आहे. पण सूर्यास्त बघायचा असेल तर वर मुक्कामच करा, आणि मुक्कामाचे त्या वेळचे नियम पाचनईच्या वनखात्याच्या चौकीवर विचारून घ्या. सूर्यास्त बघून रात्री उतरायचं, हा पर्याय यादीतून कायमचा काढून टाका.

## टप्पा ६: पाचनईपासून पठारापर्यंत

सुरुवातीची वीस मिनिटं मुद्दाम हळू चाला. ग्रुपमधला सगळ्यात हळू चालणारा माणूस पुढून दुसरा ठेवा, शेवटी नाही. त्याला शेवटी ठेवलं की तो सतत धावत गाठायचा प्रयत्न करतो, बाकीचे थांबून आराम करतात आणि तो पोचला की लगेच निघतात, म्हणजे आराम एकट्या त्यालाच मिळत नाही. अनुभवी माणूस सगळ्यात मागे.

थोडं चढून गेलं की वाट उभ्या कातळाच्या पोटाखालून जाते. एका हाताला वरून पुढे आलेला अजस्र कातळ आणि दुसऱ्या हाताला ओढ्याची दरी. पावसाळ्यात इथे वरून धारा पडतात, हिवाळ्यात कातळ फक्त पाझरत असतो. इथे फोटोसाठी दरीच्या बाजूला सरकत मागे मागे जाऊ नका. कायम कातळाच्या बाजूने चाला आणि समोरून उतरणारा ग्रुप आला तर तुम्ही आतल्या बाजूला थांबा. बराच वेळ थांबायचं असेल तर पुढे मोकळ्यावर जा, वरून माकडांनी किंवा गुरांनी हलवलेला दगड येऊ शकतो. दगड सुटला तर मोठ्याने "दगड!" ओरडायचं, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

ओढा ओलांडून वाट झाडीत शिरते आणि पठारावर येते. चुका इथे होतात. मळलेली मुख्य वाट आणि ढोरवाटा सारख्याच दिसतात, हिवाळ्यात गुरं चरायला सगळीकडे फिरलेली असतात. ओळखायचं कसं? माणसांच्या वाटेवर कातळ बुटांनी घासून फिकट झालेला असतो, बाण किंवा दगडांची छोटी रास दिसते, दुर्दैवाने चॉकलेटचे कागदही दिसतात. ढोरवाट कारवीच्या झुडपांत शिरून विरते किंवा पाण्याकडे उतरते. पाच मिनिटं चालून एकही खूण दिसली नाही तर पुढे शोधत बसू नका, शेवटच्या खुणेपर्यंत मागे या.

तपासा, पहिल्या तासानंतर: प्रत्येकाने किमान अर्धा लिटर पाणी प्यायलंय का? थंडीत तहान लागत नाही, त्यामुळे विचारून प्यायला लावा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. दुपारी मांडीत गोळा येतो तो सकाळच्या या आळसाचा असतो.

## टप्पा ७: मंदिर आणि तारामती

हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोचलात की वीस मिनिटं बसून नीट खा. शनिवार-रविवारी गावातल्या लोकांच्या झोपड्यांमध्ये लिंबू सरबत, पिठलं-भाकरी मिळते, पण त्या भरवशावर रिकाम्या हाताने येऊ नका. पाणी भरताना समोर दिसणाऱ्या पुष्करणीचं भरायचं नाही. पिण्याचं टाकं कुठलं ते तिथल्या माणसाला विचारा आणि तरीही क्लोरीनची गोळी टाका.

केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कमरेएवढं बर्फगार पाणी असतं. दर्शन बाहेरून घ्या. प्रदक्षिणा घालायची मनापासून इच्छा असेल तर तारामतीहून आल्यावर, कोरडे कपडे असतील तरच, आणि तब्येतीची, विशेषतः हृदयाची तक्रार असणाऱ्यांनी अजिबात नाही. सकाळी भिजून शिखरावर वाऱ्यात जाणं म्हणजे स्वतःहून आजारपण ओढवून घेणं.

तारामतीची वाट मंदिराच्या मागून, गणेशगुहेच्या बाजूने वर जाते. उंची १,४२९ मीटरच्या आसपास, गडावरची सगळ्यात उंच जागा. आधी झाडी, मग दगड-मातीचा चढ, मग उघडं गवत. जाताना पाऊण ते एक तास.

वाळलेलं गवत हा इथला खरा धोका आहे. पावसाळ्यानंतर ते आडवं पडतं आणि उताराच्या दिशेने झोपतं. त्याच्यावर पाय दिला की खालची माती दिसत नाही आणि पाय सरळ घसरतो, बुटाचा सोल कितीही चांगला असला तरी. गवत टाळून उघडा दगड किंवा माती निवडा. आधाराला गवताचा झुबका धरू नका, उपटून हातात येतो. कारवीच्या वाळक्या काटक्याही काड्कन मोडतात. आधार घ्यायचाच तर कातळाचा, तोही आधी हलवून बघून. उन्हात तापलेल्या दगडांच्या सांदीत हात घालताना आधी बघा, फुरसं हा विषारी साप अशाच जागी पडून असतो आणि रंगाने दगडात मिसळून जातो.

शिखरावरून हवा स्वच्छ असेल तर पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी, माळशेजकडचे डोंगर, लांब कळसूबाईची बाजू असं सगळं दिसतं. वीस मिनिटं बसा, कोरडा टी-शर्ट घाला, आणि उतरताना ज्या वाटेने आलात त्याच वाटेने या. इथून खिरेश्वरच्या बाजूला जाणाऱ्या वाटा फुटतात, गप्पांच्या नादात त्यांना लागलात तर गाडी एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. रोहिदासचं शिखरही खुणावतं, पण ती वाट कमी मळलेली आहे, गावातला वाटाड्या बरोबर नसेल तर सोडून द्या.

तपासा: चढताना मंदिराशी पोचायलाच अकरा वाजले असतील तर तारामती आणि कोकणकडा यातलं एकच होईल. हे तिथे चर्चा करून नाही, पुण्यातच ठरवून या. माझं मत विचाराल तर कोकणकडा करा, लहान मुलं किंवा पहिल्यांदाच ट्रेकला आलेले बरोबर असतील तर नक्कीच.

## टप्पा ८: कोकणकडा

मंदिरापासून पठारावरून अर्धा-पाऊण तास. वाट सोपी आहे आणि म्हणूनच लोकं कड्यापर्यंत त्याच वेगात चालत जातात.

कड्याची कड कशी आहे ते नीट समजून घ्या. ती टेबलाच्या काठासारखी एकदम संपत नाही. कातळ हळूहळू पुढे कलत जातो, आणि त्या कलत्या भागावर मोहरीएवढी बारीक खडी पसरलेली असते. उभं राहिलं की कल जाणवतही नाही, पण त्या खडीवर बूट फिरतो. पुढे कातळ आत वळलेला आहे, खाली धरायला काही नाही. त्यामुळे कडेपासून दोन माणसांच्या उंचीएवढं अंतर ठेवा. खाली बघायचंच असेल तर सॅक काढून, लांबूनच पोटावर झोपून, सरपटत पुढे जा आणि मागे एकाने पाय धरून ठेवा. उठतानाही आधी मागे सरपटत या, मगच उभे राहा. कडेलाच उभं राहून कपडे झटकणं, तिथेच चक्कर येणं, हे टाळायचं ते असं.

सेल्फी स्टिक, उडी मारतानाचा फोटो, ग्रुप फोटोत "अजून थोडं मागे", यातलं काहीही कड्यावर नाही. वाऱ्याने टोपी उडाली तर जाऊ द्या. लहान मुलांचा हात एका ठराविक मोठ्या माणसाकडे द्या. सगळेच लक्ष ठेवणार असले की कुणाचंच लक्ष नसतं.

## टप्पा ९: उतरणं

दोन वाजले की उठा. कुणीतरी म्हणणारच, अजून पंधरा मिनिटं. नाही.

बुटाच्या नाड्या परत बांधा, घोट्यापाशी घट्ट, म्हणजे बोटं पुढे आपटणार नाहीत. घसाऱ्यावर घाबरून मागे रेलणं ही सगळ्यांची सहज प्रतिक्रिया असते आणि पडण्याचं कारणही तेच, कारण वजन टाचेवर गेलं की टाच निसटते आणि माणूस बसतो. गुडघे किंचित वाकवा, वजन पावलाच्या बरोबर वर ठेवा, छोटी पावलं टाका, जास्त उतार असेल तर उताराला आडवं वळून एक-एक पाऊल. दोघांत तीन-चार मीटर अंतर, म्हणजे एक घसरला तर दुसऱ्याला घेऊन जाणार नाही. पळत उतरणाऱ्या तरुण मंडळींना शब्दशः पकडून थांबवा, घोटा मुरगळला तर त्यांना उचलून बाकीच्यांनीच आणायचं असतं.

## टप्पा १०: धबधब्याचं पाणी

ओढ्यापाशी आलात की आधी सॅक खाली ठेवा, पाच मिनिटं बसा, मग पाण्याकडे जा. अंग घामाने तापलेलं असताना एकदम गार पाण्यात उतरलं की दम कोंडतो.

पाणी कमी आहे म्हणजे धोका कमी आहे असं नाही. पावसाळ्यात जिथे पाणी होतं तिथल्या कातळावर शेवाळ वाळून काळ्या पापडासारखं चिकटलेलं असतं. वरून कोरडं दिसतं, बोटाने खरवडलं तर आतून हिरवट आणि ओलसर. त्याच्यावर पाय ठेवला की ते सालासारखं निघतं आणि तुम्ही त्याच्याबरोबर जाता. पाय ठेवण्याआधी बुटाच्या टोकाने घासून बघा, फिकट खरखरीत कातळ दिसला तरच वजन टाका. धारेच्या अगदी माथ्याजवळ, जिथून पाणी खाली पडतं तिथे, कुणीही जायचं नाही, कितीही बारीक धार असली तरी.

डोहात उडी नाही. तळाला रांजणखळगे असतात, काठावर गुडघाभर आणि एका पावलावर डोक्यावरून पाणी असं होऊ शकतं. काठावर बसून पाय सोडा, तोंड धुवा, तेवढं पुरे आहे. साबण, शाम्पू वापरू नका, खाली गाव आहे आणि गुरं हेच पाणी पितात. जुनी चप्पल इथे घाला, आणि निघताना पाय पूर्ण कोरडे करून नवे मोजे चढवूनच बूट घाला.

तपासा: साडेतीन वाजलेत का? मग पाणी बघून तसंच पुढे निघा, थांबायचं नाही.

## टप्पा ११: गावात पोचल्यावर

डोकी मोजा, नुसतं "आले का सगळे" विचारू नका. वनखात्याच्या चौकीवर नोंद केली असेल तर परत आल्याचं सांगा. गोळा केलेला कचरा गावात टाकू नका, तो गाडीतून आळेफाट्यापर्यंत किंवा पुण्यापर्यंत आणा.

आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्याला चहा देऊन लगेच सीटवर बसवू नका. अर्धा-पाऊण तास आडवं होऊ द्या, बाकीच्यांनी सामान भरा, बूट बदला. गाडी सुरू झाली की पुढच्या सीटवर बसलेल्याने झोपायचं नाही, ड्रायव्हरशी बोलत राहायचं, आणि नारायणगावला थांबून चालक बदलायचा. कोतूळला रेंज आली की सगळ्यात पहिला फोन घरच्या त्या माणसाला, ज्याला आदल्या दिवशी परतीची वेळ कळवली होती.